रामनाथ भावोजींचा मोकळा रस्ता

आमच्या पेडण्यात जावयाचा मान देवाच्या खालोखाल. खालोखाल म्हणतो खरा, पण देवाला चवथ संपली की वाजतगाजत पाण्यात तरी सोडता येतं. जावयाच्या बाबतीत तीही सोय नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे, माईचे, यजमान रामनाथ भावोजी हे आमच्या घरातले एकुलते एक जावई. त्यांच्याविषयी मला जन्मभर जे वाटत आलं, त्याला तुच्छता हा त्यातल्या त्यात सभ्य शब्द आहे. पण जावई म्हटल्यावर ती दाखवायची कशी? म्हणून सणासुदीला मी त्यांच्या पाया पडायचो आणि वाकल्यावर, तोंड जमिनीकडे असताना, काय म्हणायचं ते म्हणून घ्यायचो. ते इथे लिहीत नाही. माईचा चष्मा नुकताच बदलला आहे आणि ती सगळं वाचते.

भावोजींना अशी काही अडचण नव्हती. मेव्हण्याचा मान हा प्रकार आमच्याकडे नाही. माझी पणजीतली सरकारी नोकरी म्हणजे "पंख्याखाली निजूचो धंदो". माझी मिशी म्हणजे "ओठार सुकत घातलेली सुंगटां", म्हणजे कोळंबी. दर रविवारी मी स्कूटरवरून पेडण्याहून सर्वणला माईकडे जायचो, तर अंगणात शिरण्याआधीच सोप्यावरून आवाज यायचा, "विनू इलो गे! स्कूटरीक आधी खोकल्याचा औषध दी, मगे तेका च्या दी."

आवाज. त्यांचं सगळं जग आवाजावर चालायचं. माणूस शिकलेला किती, सज्जन किती, हे ते बघत नसत. त्याला आवाज आहे की नाही, एवढंच बघत. देवळातल्या भटजींना आवाज नव्हता. खाणीवरच्या इंजिनियरला आवाज नव्हता. मला तर नव्हताच. चवथीला आरतीत मी तोंड उघडलं की ते मातीचं घुमट वाजवायचे थांबत आणि सगळ्यांसमक्ष सांगत, "विनू, तू नुसतो टाळ्यो मार. आवाज देवान सगळ्यांक दिल्लो नाय."

हा माणूस पोट भरत होता खनिजाच्या ट्रकांवर. डिचोलीच्या बाजूला त्या काळात कोण भरत नव्हता? त्यांनी एक ट्रक घेतला, त्याने दुसरा आणला, आणि पुढे रस्त्यावरचा कुठला ट्रक रामनाथाचा नाही, हे विचारणं सोपं झालं. पण त्या ट्रकांचीही त्यांना किंमत नव्हती. "ट्रक म्हणजे काय रे? पोट बिघाडलेली म्हस. चढावाक लागली की रडता." हे ते बाबलसमोर म्हणायचे. बाबल त्यांचा सगळ्यात जुना ड्रायव्हर, दोडामार्गाकडचा. तो बिचारा आपल्या ट्रकाच्या चाकाला टेकून उभा असायचा आणि मालक आपल्याला बोलले की ट्रकाला, हे न कळून मान हलवायचा.

अशा माणसाने खाणी जोरात असताना काय करावं? जमीन घ्यावी, देवळाला समया द्याव्यात. भावोजींनी स्पोर्ट्स कार घेतली. लाल, दोन दारांची, परदेशी. नाव सांगत नाही, कारण ते भावोजींनाही शेवटपर्यंत एकदाही नीट घेता आलं नाही. कुणा मुंबईच्या बिल्डरने वापरून सोडलेली. ती आली तीच मुळी एका मोठ्या ट्रकच्या पाठीवर बसून. आमच्या ग्रामदेवीने, सातेरीने, तेव्हाच इशारा दिला होता, की बाबा रे, ट्रकाशिवाय तुझी ही गाडी एक पाऊल हलायची नाही. पण इशारे कळायला डोकं रिकामं असून चालत नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीची पूजा. भटजींनी पुढचं झाकण उघडलं, तर आत काही नाही. स्वच्छ, रिकामी पेटी.

"इंजीन खंय रे रामनाथा?" भटजी घाबरले. "चोरलां की काय वाटेत?"

इंजीन मागे होतं. पण ते कळेपर्यंत हळद-कुंकू, फुलं, नारळ, सगळं पुढच्या डिकीला वाहून झालं होतं. भटजी म्हणाले, "आता परत मंत्र म्हणूक जावचे नाय, मुहूर्त गेलो." म्हणजे त्या गाडीच्या सामानाच्या पेटीची यथासांग पूजा झाली आणि इंजीन तसंच बिनपूजेचं राहिलं. मला फार बरं वाटलं. मी तेव्हा लाडू खात होतो.

मग रोज संध्याकाळी तो सोहळा सुरू झाला. अंगणात गाडी, आजूबाजूला वाड्यावरची माणसं, माई ओसरीच्या खांबाला टेकून कपाळाला हात लावलेली. भावोजी आत बसत. म्हणजे पडत. ती गाडी इतकी खाली होती की तिच्यात बसायचं नसतं, स्वतःला सोडून द्यायचं असतं. मग उघड्या काचेतून त्यांचा पंजा बाहेर यायचा.

"गप. आयक."

आणि ते पाय दाबायचे.

आता इथे मला थोडी लाज सोडावी लागणार. तो आवाज चांगला होता. सुरुवातीला घशात काही अडकल्यासारखा, मग खर्जात, आणि मग एकाच दमात असा चढायचा की घुमटावर थाप पडल्यावर छातीच्या आत जे होतं, ते पोटापासून सुरू व्हायचं. न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण घणघणायचं. माईच्या लोणच्याच्या बरण्या फळीवरून पुढे सरकायच्या. गोठ्यातली गाय पाठ फिरवून उभी राहायची आणि त्या दिवशी दूध चोरायची. आणि माझ्या, पंख्याखाली निजणाऱ्या माणसाच्या, हातावरचे केस उभे राहायचे. मी शर्टाच्या बाह्या खाली ओढून घ्यायचो. भावोजींना दिसलं असतं तर जगणं मुश्कील केलं असतं त्यांनी.

"काय विनू?" पाय काढून ते विचारत.

"बराच मोठो आवाज आसा," मी म्हणायचो.

"मोठो!" ते माईकडे बघत. "मोठो म्हणता गे तुझो भाव. गाढवापुढे..." पुढचं वाक्य मात्र, मी पाहुणा म्हणून, गिळत.

पण एवढं सगळं अंगणात. रस्त्यावर काय? रस्त्यावर तिची परेड पाहायला मी मुद्दाम जायचो. खाणीपासून नदीवरच्या जेटीपर्यंत ट्रकाला ट्रक चिकटलेला. त्या रांगेत मध्येच ही लाल चपटी वस्तू, पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीखाली नाक घालून, पहिल्या गियरात. वरून खनिजाचे खडे तिच्या काचेवर टपटप पडायचे. लाल धुळीने लाल गाडी माखायची. टिंट्यावरचा, म्हणजे नाक्यावरचा, चहावाला म्हणायचा, "रामनाथ हुशार. रंग बघून घेतल्यान. धुवूक नको." आणि पुष्कळदा पुढचा तो ट्रक बाबलचाच असायचा. मालकाची गाडी मागे आहे हे बघून बाबल आदराने आणखी हळू जायचा.

"दुसऱ्या गियराच्या फुडले सगळे," माई म्हणाली होती मला, "अजून प्लास्टिकच्या पिशवीत आसत."

भावोजींना हे लागायचं. एकदा अंगणात गर्दी पांगल्यावर ते गाडीतच बसून राहिले होते. मी जवळून जाताना म्हणाले, "विनू, तुमी आयकतास तो हिचो आवाज न्हय."

"मगे कोणाचो?"

"हो तिचो नुसतो खाकरो. गळो मोकळो करता ती. खरो आवाज वर आसा. अखेरच्या गियरात. धावताना." ते स्टिअरिंगवर बोट फिरवत होते. "घेवन इतकीं वर्सां झाली. मालक मी. आणि माकाच अजून आयकूक गावलो नाय."

चेष्टा नव्हती. मी चहाला आत गेलो.

त्या वर्षीचा दसरा. आमच्याकडे दसऱ्याला ट्रक धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून सातेरीच्या देवळापुढे रांगेने उभे करतात. गुरव देवीपुढे गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मोठ्याने सांगतो. आणि प्रत्येक मागण्याला जमाव एका तोंडाने 'व्हय म्हाराजा' म्हणतो. समोर देवी असली तरी म्हाराजाच. पिढ्यान्पिढ्यांची सवय. काय मागितलं ते कोणी ऐकत नाही. गुरव दम घ्यायला थांबला की म्हणायचं.

"बाय सातेरी, तुझी लेकरां तुझ्या दारात इल्यात. त्यांच्या ट्रकांची चाकां सुखी ठेव."

"व्हय म्हाराजा!"

"ड्रायव्हराच्या डोळ्याक नीज लावू नको."

"व्हय म्हाराजा!"

मग भावोजी पुढे झाले. स्वतःचा वेगळा नारळ ठेवला आणि गुरवाच्या कानाशी लागले. गुरवाने एकदा त्यांच्याकडे चमकून पाहिलं. पण नारळ ठेवला की गाऱ्हाणं घालावंच लागतं.

"बाय सातेरी! ह्या रामनाथाच्या मनात एक इच्छा आसा. खाणीपासून जेटीपर्यंत रस्तो त्येका मोकळो गावां दे. वाटेर एकय ट्रक दिसा नको!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ट्रकमालक आणि ड्रायव्हर देऊळ दुमदुमेल असे ओरडले. बाबल सगळ्यात मोठ्याने.

मग आपण काय कबूल केलं ते एकेकाच्या डोक्यात शिरलं आणि हशा पिकला. कुणीतरी भावोजींच्या पाठीत थाप मारली, "मेल्या, पोटार पाय हाडलंस की आमच्या!" भावोजीही हसले. प्रसादाची केळी वाटली गेली.

पुढच्या दसऱ्याच्या आधीच खाणी बंद झाल्या.

त्या का बंद झाल्या, त्यावर वर्तमानपत्रांनी पुष्कळ लिहिलं. सर्वणात कोणी ते वाचलं नाही. सर्वणात सगळ्यांना कारण ठाऊक होतं. टिंट्यावर भावोजी दिसले की एकजण आकाशाकडे बघून म्हणायचा, "देवी बाकी कडक हां," आणि दुसरा म्हणायचा, "मागणारो कसलो पण!" माई तर घरातच होती. "लोक देवीकडे नातू मागतत," ती भाकरी थापता थापता म्हणायची, "आमचे रस्तो मागतत."

रस्ता मात्र कसा मोकळा झाला होता म्हणता! धूळ बसली. कडेच्या झाडांची पानं हिरवी असतात हे लोकांना नव्याने कळलं. एरवी जिथे पाऊल टाकायची सोय नव्हती तिथे भर दुपारी कुत्री झोपायची. भावोजी सोप्यावर बसून त्या रस्त्याकडे बघायचे. गाडी अंगणात ताडपत्रीखाली. संध्याकाळचे सोहळे बंद. मला वाटलं, बरी खोड मोडली. खरं सांगतो, मला मजा येत होती. माझा पंखा चालू होता.

एका रविवारी मी पोचलो तर ताडपत्री काढलेली. भावोजी आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून तयार.

"बस," ते म्हणाले.

"खंय जावचा?"

"जेटीर. रस्तो मोकळो आसा."

माई दारात आली. मी स्वतःला त्या गाडीत सोडून दिलं.

गावातून बाहेर पडेपर्यंत ते सावकाश नेत होते. मग खाणीचा सरळ रस्ता लागला. दूरवर एक चिटपाखरू नाही. त्यांचा पंजा वर आला.

"गप. आयक."

तिसरा गियर. अंगणात ऐकलेला आवाज मागे राहिला, मागच्या वळणावर. चौथा. आता तो आवाज आमच्या पाठीत होता, मणक्यातून वर चढत होता. मी ओरडत होतो की हसत होतो मला सांगता येणार नाही, कारण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. पाचवा. झाडांच्या फटींतून ऊन खडखडत गेलं. भावोजींच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. तो गर्विष्ठ, मिजासखोर, सगळ्या जगाला नाक मुरडणारा चेहरा कुठेतरी गळून पडला होता. पाळण्यातल्या पोराचा असतो तसा झाला होता. हात गियरवर गेला. एकच राहिला होता.

"आता बघ," ते म्हणाले. "आता."

पुढे वळण होतं. वळणापलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ट्रक उभे होते. बंद पडल्यापासून तिथेच उभे, चाकांखाली दगड लावून. त्यांच्या सावलीत ड्रायव्हर पत्ते खेळत बसलेले. आमचा आवाज त्यांनी आम्ही दिसण्याच्या खूप आधी ऐकला असणार. कितीतरी दिवसांनी त्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज. आम्ही वळलो तेव्हा ते सगळे उठून उभे होते. पत्ते खाली पडलेले. काहीजणांनी तर ट्रकचे दरवाजे उघडून पायरीवर पाय ठेवला होता.

भावोजींनी पाय काढला.

गाडी आपोआप मंदावत बाबलच्या ट्रकपाशी थांबली. बाबल वाकून काचेत डोकावला. आधी मालकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा मालकाकडे. हसला. ते हसणं मला आवडलं नाही.

"तुमी काय मालक," तो म्हणाला. "आमका वाटला, काम सुरू झाला."

भावोजींनी गाडी वळवली आणि पहिल्या गियरात, पुढे एकही ट्रक नसताना, घरापर्यंत आणली. अंगणात मला त्यातून बाहेर पडता येईना. शेवटी मी चार पायांवर उतरलो. यावर काही ना काही बोलणं त्यांचा हक्क होता. तेही बोलले नाहीत. तेव्हा मला जरा भीती वाटली.

दसरा जवळ आला तसा लोकांनी निरोप पाठवला: रामनाथाने आपलं गाऱ्हाणं परत घ्यावं. घातलेलं मागणं मागे घेणं म्हणजे चारचौघांत देवीपुढे नाक घासणं. ज्या माणसाने आयुष्यात चहात साखर जास्त झाली एवढंही कबूल केलं नाही, तो हे करणार? मी मुद्दाम आदल्या दिवशीच रजा घेऊन गेलो. हे दृश्य चुकवायचं नव्हतं.

देवळापुढे या वेळी ट्रक नव्हते. लोक होते. भावोजी चालत आले, अनवाणी, हातात नारळ. गुरवाने विचारलं, "काय सांगू?"

"मीच सांगतंय," ते म्हणाले.

आणि तो आवाजाचा दर्दी माणूस देवीपुढे उभा राहिला तर त्याला आवाजच फुटेना. एकदा खाकरले. मग म्हणाले, "बाय सातेरी. माझी हौस फिटली. माका जो आवाज आयकूचो होतो तो मी आयकलंय. आता तुझो रस्तो भर. ट्रक येवन्दे. धूळ येवन्दे. माझी गाडी जल्मभर पहिल्यातच रवां दे."

त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता. हे त्या देवळात फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि देवीला.

जमाव गप्प. गुरवाच्या गाऱ्हाण्याला हुंकार द्यायची सवय. माणूस स्वतःच मागायला लागला तर काय करायचं, कुणाला कळेना. भावोजींची मान खाली. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर होतं, आणि मला ते बघवेना.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

एकट्याचाच आवाज. चिरका, फाटका, आरतीत बंदी असलेला. मग मागून बाबल म्हणाला. मग सगळे.

उतरताना पायऱ्यांवर भावोजी माझ्या बाजूला आले. वाटलं, काहीतरी चांगलं बोलतील.

"बेसूर म्हटलंस," ते म्हणाले.

देवी रस्ता रिकामा करायला जितकी तत्पर, तितकी भरायला नाही. वर्षं गेली. रक्तातल्या साखरेने भावोजींचा एक पाय अधू केला. बाबल गावी काजूच्या बागेत कामाला लागला. ताडपत्री फाटली, आणि माईच्या कोंबड्या गाडीच्या त्या पूजा झालेल्या पुढच्या पेटीत अंडी घालू लागल्या. मी निवृत्त झालो. पंखा सुटला.

शेवटचं त्यांना पाहिलं ते एका सकाळी, सोप्यावर. थोड्या खाणी पुन्हा चालू होणार, जुने ड्रायव्हर परत बोलावलेत, असं कानावर येत होतं. भावोजी खुर्चीत, पाय स्टुलावर. माईने चहा आणि उंडे पाव आणून ठेवले. जुन्या सवयीने मी त्यांना जरा डिवचलं.

"भावोजी, गाडी चालू करून बघूया? बॅटरी घालूया नवी. एकदा वरचो गियर..."

त्यांचा पंजा वर आला. तोच, काचेतून बाहेर यायचा तसा.

"गप. आयक."

मी ऐकलं. आधी काही नाही. मग दूर, खाणीच्या बाजूने, चढाला लागलेल्या भरल्या ट्रकचं रडणं. पोट बिघडलेल्या म्हशीसारखं, खोकत, कण्हत, अडखळत वर येत होतं. भावोजींनी डोळे मिटले होते. बोटं खुर्चीच्या हातावर काहीतरी मोजल्यासारखी हलत होती.

"आता दुसऱ्या गियराक घेतलो," ते पुटपुटले.

चढावर ट्रकने गियर बदलला आणि मोठ्याने गुरगुरला. न्हाणीतलं भाण हललं.

"बाबल," भावोजी म्हणाले. त्यांच्या हातावरचे केस उभे होते. त्यांनी बाही खाली ओढली नाही.

ट्रक अंगणासमोरून गेला. मागोमाग लाल धूळ आली आणि सोप्यावर, माझ्या पांढऱ्या शर्टावर, चहाच्या कपांवर बसली. माई दार लावायला उठली.

"उघडा रवां दे गे," ते म्हणाले आणि त्यांनी धुळीचा तो चहा उचलून मजेत घोट घेतला.